कावासाकी आजारातील सायटोकाइन्सचे आकडे कसे वाचावेत

कावासाकी आजार हा मुख्यत्वे पाच वर्षांखालील मुलांना होणारा रक्तवाहिन्यांचा दाह आहे. त्यात मध्यम आकाराच्या धमन्यांना इजा होते आणि त्यांतही हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्यांना सर्वाधिक धोका असतो. टोकियोतील बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनी असा पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहिला, ५० मुलांच्या नोंदी १९६७ मध्ये जपानी भाषेत प्रसिद्ध केल्या आणि इंग्रजी वाचकांपर्यंत हा आजार १९७४ मध्ये पोहोचला. आजाराला नेमके काय कारणीभूत ठरते हे आजही सिद्ध झालेले नाही. एखाद्या संसर्गाने, जनुकीय कल असलेल्या मुलाच्या शरीरात, रोगप्रतिकार यंत्रणा प्रमाणाबाहेर चेतवली जाते, असा सर्वसाधारण समज आहे. हे चेतवणे ज्या लहान प्रथिनांच्या मार्फत घडते, ती प्रथिने म्हणजे सायटोकाइन्स होत.

कोविडच्या साथीनंतर इंटरल्यूकिन-६ म्हणजे आयएल-६ ही चाचणी आपल्याकडच्या मोठ्या शहरांतील खासगी प्रयोगशाळांत सहज होऊ लागली, आणि त्यामुळे तापाने फणफणलेल्या मुलाच्या फाइलमध्ये हा आकडा दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. पुढील विवेचन वैद्यकीय विद्यार्थी, फॅमिली डॉक्टर आणि मुलाच्या आजाराविषयी स्वतः वाचू इच्छिणारे पालक यांच्यासाठी आहे. सायटोकाइनचा कोणताही आकडा, मग तो प्रयोगशाळेच्या अहवालातला असो वा शोधनिबंधातला, समोर आला की तापाचा कितवा दिवस, औषधाच्या आधी की नंतर, आणि तुलना कोणाशी, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्यावरून काहीही ठरवू नये. बाकीचा तपशील याच प्रश्नांच्या अनुषंगाने येतो.

आधी निदान, मग सायटोकाइन्स

कावासाकी आजाराचे निदान रुग्णाला तपासून होते. किमान पाच दिवसांचा ताप आणि त्यासोबत पुढील पाचपैकी चार लक्षणे असावी लागतात: दोन्ही डोळे लाल होणे पण चिपडे नसणे; ओठ लाल होऊन फुटणे किंवा जीभ स्ट्रॉबेरीसारखी दिसणे; अंगावर पुरळ; हातापायांना सूज व लाली, आणि पुढे नखांच्या कडेपासून कातडी सोलवटणे; मानेत एका बाजूला दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ. सर्व लक्षणे एकाच दिवशी दिसतीलच असे नाही, म्हणून पुरळ येऊन गेले का, डोळे दोन दिवसांपूर्वी लाल होते का, हे आईवडिलांना विचारून घ्यावे लागते. आपल्याकडे जन्मतःच बीसीजीची लस दिली जात असल्याने तान्ह्या बाळाच्या दंडावरील त्या लशीचा व्रण अचानक लाल झाला असेल, तर ती खूण अवश्य नोंदवावी. जपानने आपल्या निदान निकषांच्या अलीकडच्या आवृत्तीत तिचा समावेश केला आहे.

या यादीत एकही सायटोकाइन नाही. आयएल-६ वाढलेले आहे म्हणून कावासाकी, असे म्हणता येत नाही, कारण न्यूमोनियातही ते वाढते. आणि ते फारसे वाढलेले नाही म्हणून कावासाकी नाही, असेही म्हणता येत नाही. सहा महिन्यांखालील बाळांत तर लक्षणे अपुरी असतात आणि धमन्यांना इजा होण्याचा धोका मात्र सर्वांत जास्त असतो. अशा बाळाचा ताप सात दिवसांवर गेला आणि कारण सापडत नसेल, तर सीआरपी (दाहात वाढणारे रक्तातील प्रथिन), ईएसआर (लाल पेशी तळाशी बसण्याचा वेग) आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) यांच्या आधारे निर्णय घ्यावा. सायटोकाइनच्या अहवालाची वाट पाहत उपचार लांबवणे समर्थनीय नाही. या आजाराचे मुख्य औषध असलेले इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे) तापाच्या पहिल्या दहा दिवसांत, आणि शक्य तितक्या लवकर, मिळणे आवश्यक असते. उपचार न मिळालेल्या सुमारे २५ टक्के मुलांत कोरोनरी धमन्यांना फुगवटे येतात. वेळेवर उपचार मिळाल्यास हे प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास उतरते.

तापाचा पहिला दिवस निश्चित करावा

ताप ज्या दिवशी सुरू झाला तो आजाराचा पहिला दिवस धरावा आणि पुढची प्रत्येक तपासणी त्या क्रमांकाने नोंदवावी. अहवालावर छापलेली तारीख पुरेशी नसते. चौथ्या दिवशीचे आयएल-६ आणि बाराव्या दिवशीचे आयएल-६ ही एकाच प्रथिनाची मापे असली, तरी ती आजाराच्या दोन निराळ्या अवस्थांविषयी बोलत असतात.

पहिल्या दहा-बारा दिवसांच्या तीव्र अवस्थेत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा म्हणजे टीएनएफ-अल्फा, आयएल-१, आयएल-६ आणि आयएल-८ यांची पातळी वाढलेली आढळते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ताप उतरलेला असतो, कातडी सोलवटते, प्लेटलेट्स कधी दहा लाखांवर जातात, आणि धमनीचा फुगवटा असल्यास तो साधारण याच काळात ठळक होतो. म्हणजे धमनीची भिंत ढासळलेली दिसते, तेव्हा ती ढासळवणाऱ्या सायटोकाइन्सचा जोर बराच ओसरलेला असू शकतो. शोधनिबंधात ‘तीव्र अवस्था’ असे लिहून तिसऱ्यापासून दहाव्या दिवसापर्यंतचे सर्व नमुने एकत्र केलेले असतील, तर त्यातील सरासरीला मी स्वतः फार किंमत देत नाही.

कोणते सायटोकाइन काय करते

नावांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा घटनांचा क्रम ध्यानात ठेवणे सोयीचे आहे. सुरुवातीला मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी चेतवल्या जातात. त्यांच्यातील इन्फ्लमासोम नावाची यंत्रणा आयएल-१ बीटाला निष्क्रिय रूपातून सक्रिय रूपात आणते, आणि त्याच पेशी टीएनएफ-अल्फाही सोडतात. या दोहोंमुळे ताप येतो. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर चिकट रेणू उमटतात, ज्यांना धरून पांढऱ्या पेशी भिंतीत शिरू शकतात. आयएल-८ न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावते, तर एमसीपी-१ मोनोसाइटना. व्हीईजीएफमुळे वाहिन्या झिरपू लागतात. हातापायांची सूज आणि रक्तातील अल्ब्युमिनची घट यांमागे या झिरपण्याचा मोठा वाटा आहे.

भिंतीत शिरलेले न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज मेटॅलोप्रोटिनेज प्रकारची विकरे सोडतात, आणि ती धमनीतील लवचिक पडदा खाऊन टाकतात. हा पडदा तुटला की रक्तदाबापुढे भिंत टिकत नाही व फुगते. पुढच्या आठवड्यांत आणि महिन्यांत टीजीएफ-बीटासारख्या रेणूंच्या प्रभावाखाली भिंतीत स्नायूसदृश पेशी वाढतात, आणि त्यामुळे काही धमन्या आतून अरुंद होतात. आयएल-१० मात्र दाह आवरणारे सायटोकाइन आहे. तीव्र अवस्थेत तेही वाढलेले असते. दाह पेटवणारी आणि विझवणारी सायटोकाइन्स एकाच वेळी चढलेली पाहून गोंधळण्याचे कारण नाही, कारण शरीर आपणच चेतवलेल्या प्रक्रियेला लगाम घालण्याचाही प्रयत्न करत असते. मात्र ‘सर्व सायटोकाइन्स वाढली’ एवढ्याच वाक्यावर थांबणाऱ्या लेखाने वाचकाला फारसे काही सांगितलेले नसते.

नेहमीच्या तपासण्यांतून सायटोकाइन्सचा माग कसा काढावा

तालुक्याच्या गावी आयएल-६ मोजले जात नसले, तरी त्याचे परिणाम साध्या तपासण्यांत दिसतात. सायटोकाइन समजून घेण्याचा हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत उपयुक्त मार्ग आहे, म्हणून येथे थोडे थांबणे योग्य होईल.

सीआरपी हे प्रथिन यकृत तयार करते, आणि ते तयार करण्याचा आदेश प्रामुख्याने आयएल-६ कडून येतो. आयएल-६ रक्तात झपाट्याने वरखाली होते. सीआरपी चेतवणीनंतर काही तासांनी चढू लागते, सुमारे दोन दिवसांत शिखर गाठते, आणि आदेश थांबला की साधारण १९ तासांत निम्मे होते. समजा, उपचारापूर्वी सीआरपी प्रति लिटर १६० मिलिग्रॅम होते आणि आदेश पूर्णपणे थांबला, तर दोन दिवसांनी ते तिसाच्या आसपास यावे. प्रत्यक्षात आदेश एकदम थांबत नाही, त्यामुळे उतार याहून मंद असतो. पण दोन दिवसांनंतरही आकडा दीडशेवर अडकला असेल, तर यकृताला आयएल-६ चा आदेश अजून मिळतो आहे, हा तर्क रास्त ठरतो.

ईएसआर वाचताना वेगळी काळजी घ्यावी लागते. ते रक्तातील फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) आणि इम्युनोग्लोब्युलिन यांवर अवलंबून असते. कावासाकीच्या उपचारात मुलाला प्रति किलो वजनाला २ ग्रॅम इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून (म्हणजे आयव्हीआयजी) दिले जाते. एवढे प्रथिन रक्तात मिसळल्यावर ईएसआर औषधामुळेच वाढते, म्हणून आयव्हीआयजीनंतरच्या ईएसआरवरून दाह शमला की नाही हे ठरवू नये. मूल खेळू लागले, ताप गेला, सीआरपी उतरले, आणि तरी ईएसआर ९० पाहून घरचे सगळे हवालदिल झाले, असा प्रसंग टाळण्यासाठी ही गोष्ट डिस्चार्जच्या वेळीच पालकांना समजावून सांगावी.

प्लेटलेट्स दुसऱ्या आठवड्यात वाढतात, कारण आयएल-६ यकृताकडून थ्रॉम्बोपोइटिन नावाचे संप्रेरक अधिक बनवून घेते आणि त्याचा परिणाम अस्थिमज्जेत दिसायला काही दिवस जातात. त्यामुळे पाचव्या दिवशी प्लेटलेट्स साधारण आहेत, एवढ्यावरून कावासाकी नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. हिमोग्लोबिन घटण्यामागेही आयएल-६ चा हात असतो. ते यकृताकडून हेप्सिडिन बनवून घेते, आणि हेप्सिडिनमुळे शरीरातले लोह साठ्यांत अडकून राहते. अशा वेळी केवळ लोहाचे टॉनिक देऊन हिमोग्लोबिन वाढत नाही, ते दाह शमल्यावर वाढते. न्यूट्रोफिलची वाढ जी-सीएसएफ या सायटोकाइनशी जोडता येते.

एककाचा घोळ

भारतातील बहुतेक प्रयोगशाळा सीआरपी प्रति लिटर मिलिग्रॅममध्ये देतात. जपानी व अमेरिकी लेखांत मात्र ते प्रति डेसिलिटर मिलिग्रॅममध्ये असते. दोहोंत दहापटींचा फरक आहे. अपुऱ्या लक्षणांच्या कावासाकीत पुढील तपासणीसाठी जी मर्यादा ३ सांगितली जाते, ती आपल्या अहवालात ३० म्हणून वाचावी लागते. आयव्हीआयजीला दाद न देण्याचा धोका मोजणाऱ्या जपानी कोबायाशी गुणांकनातील सीआरपीची मर्यादा १० आहे, म्हणजे आपल्याकडचे १००. आयएल-६ बाबत हा प्रश्न कमी येतो, कारण प्रति मिलिलिटर पिकोग्रॅम आणि प्रति लिटर नॅनोग्रॅम हे आकडे एकसारखेच असतात. पण ‘सामान्य’ मर्यादा प्रत्येक चाचणी-संचानुसार (किटनुसार) बदलते, म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून वाढ किंवा घट ठरवू नये.

रक्त कोणत्या नळीत घेतले

शोधनिबंधातला हा भाग बहुतेक वाचक ओलांडून जातात, आणि माझ्या मते तोच आधी वाचायला हवा. सीरम मिळवण्यासाठी रक्त गोठू द्यावे लागते, आणि गोठताना प्लेटलेट्स त्यांच्यात साठवलेले व्हीईजीएफ आणि टीजीएफ-बीटा बाहेर सोडतात. कावासाकीच्या मुलात प्लेटलेट्सच दुप्पट-तिप्पट झालेल्या असतील, तर त्याच्या सीरममध्ये या दोहोंची पातळी नळीतल्या घडामोडीमुळेही वाढलेली दिसणार. अशा रेणूंसाठी रक्त गोठू न देता वेगळा केलेला प्लाझ्मा वापरला आहे का, हे पाहावे. आयएल-८ सारखी सायटोकाइन्स नळी खोलीच्या तापमानात पडून राहिली तरी वाढतात, कारण नळीतल्या पांढऱ्या पेशी तोवर जिवंत असतात. नमुना किती वेळात फिरवून वेगळा केला, उणे ८० अंशांवर साठवला का, आणि किती वेळा वितळवून पुन्हा गोठवला, हे लेखात लिहिलेले नसेल, तर सूक्ष्म फरकांवर उभारलेले निष्कर्ष सावधपणे घ्यावेत.

‘आढळले नाही’ याचा अर्थ शून्य असा होत नाही. प्रत्येक चाचणीला मापनाची एक खालची मर्यादा असते, आणि टीएनएफ-अल्फा किंवा आयएल-१ बीटा रक्तात अनेकदा तिच्याखाली राहतात, कारण त्यांचे काम मुख्यतः ऊतींमध्ये चालते. रक्तात आयएल-१ बीटा सापडले नाही, म्हणून धमनीच्या भिंतीतही ते नाही, असे म्हणणे बरोबर नाही.

आणखी एक गोष्ट आकडेमोडीची. सायटोकाइन्सचे आकडे एका बाजूला झुकलेले असतात: बहुतेक मुलांत वीस-तीस, आणि दोन मुलांत आठशे. अशा वेळी सरासरी फसवी ठरते. मध्यक (मधला आकडा) आणि चतुर्थकांतर (मधल्या निम्म्या मुलांच्या आकड्यांचा पल्ला) दिले आहे का ते पाहावे, आणि आलेखातील उभा अक्ष लॉग प्रमाणात आहे का हेही तपासावे, कारण त्यावर दिसणारी छोटी उंची प्रत्यक्षात दहापट असू शकते.

तुलना कोणाशी केली

कावासाकीची मुले आणि निरोगी मुले यांच्यात आयएल-६ वेगळे निघणारच. एवढ्यासाठी अभ्यास करण्याची गरज नव्हती. दवाखान्यातला खरा प्रश्न असा असतो की समोरच्या तापलेल्या मुलाला कावासाकी आहे की ॲडिनोव्हायरस, गोवर, स्कार्लेट फीव्हर किंवा एखाद्या औषधाची प्रतिक्रिया. त्यामुळे तुलनेतली मुलेही तितक्याच दिवसांच्या तापाची आणि साधारण त्याच वयाची असायला हवीत. ज्या अभ्यासात तापाच्या रुग्णांचा गट नाही, त्यातील ‘निदानासाठी उपयुक्त’ हा दावा बाजूला ठेवावा.

एका वेळी तीस-चाळीस सायटोकाइन्स मोजणाऱ्या बहुगुणी चाचण्या आता सोप्या झाल्या आहेत. चाळीस रेणू तपासले की निव्वळ योगायोगानेही एखाद-दोन ‘लक्षणीय’ निघतात. लेखकांनी त्यासाठी सांख्यिकीय दुरुस्ती केली आहे का ते पाहावे. एखाद्या गटातून काढलेली मर्यादा त्याच गटावर वापरून तिची अचूकता सांगितलेली असेल, तर ती नव्या मुलांवर टिकेलच असे नाही. कोबायाशी गुणांकन जपानमध्ये उपयोगी ठरले, पण उत्तर अमेरिकेतील मिश्र लोकसंख्येत त्याची संवेदनशीलता, म्हणजे धोक्यातली मुले ओळखण्याची क्षमता, कमी पडली. जपानमध्ये अलीकडच्या वर्षांत पाच वर्षांखालील दर लाख मुलांमागे ३०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले आहेत, आणि तेथील मुलांवरून ठरलेली मर्यादा पुण्याच्या किंवा पणजीच्या बाळाला जशीच्या तशी लावण्याआधी भारतीय मुलांवरील माहिती शोधावी. चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने, म्हणजे पीजीआयएमईआरने, या आजारावर दीर्घकाळ सातत्याने काम केले आहे. शोधाची सुरुवात तेथून करणे सोयीचे आहे.

औषध दिल्यानंतरचा आकडा

आयव्हीआयजी दिल्यानंतर दाद देणाऱ्या मुलांत आयएल-६ आणि इतर दाहकारक सायटोकाइन्स उतरतात. आयव्हीआयजी हे नेमके कसे साधते याची एकापेक्षा अधिक स्पष्टीकरणे आहेत. पेशींवरील प्रतिबंधक ग्राहींना (रिसेप्टरना) चालना मिळणे आणि नियामक टी-पेशींना बळ मिळणे ही त्यांपैकी दोन. सुमारे १० ते २० टक्के मुलांत औषधाची धार संपून ३६ तास उलटल्यानंतरही ताप राहतो किंवा परत येतो, आणि अशा मुलांना प्रतिरोधी म्हटले जाते. ही व्याख्या तापावर बेतलेली आहे, सायटोकाइनवर नाही, हे लक्षात ठेवावे.

पुढचे उपचार एकेका सायटोकाइनला किंवा त्यामागच्या यंत्रणेला अडवतात, आणि त्यामुळे ते वाचताना सायटोकाइन्सचे ज्ञान प्रत्यक्ष कामी येते. इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफ-अल्फाला बांधून ठेवते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ते आयव्हीआयजीबरोबर सुरुवातीलाच एका गटाला दिले गेले. प्रतिरोधाचे प्रमाण त्याने घटले नाही, पण ताप व सीआरपी लवकर उतरले. २०२१ च्या चाचणीत आयव्हीआयजीला दाद न देणाऱ्या मुलांना दुसऱ्यांदा आयव्हीआयजी किंवा इन्फ्लिक्सिमॅब देऊन पाहिले, तेव्हा २४ तासांत ताप जाण्याचे प्रमाण इन्फ्लिक्सिमॅबच्या गटात ७७ टक्के आणि दुसऱ्या गटात ५१ टक्के होते. अनाकिन्रा आयएल-१ चा ग्राही अडवते. सायक्लोस्पोरिन टी-पेशींतील कॅल्सिन्युरिनची वाट बंद करते. धोका जास्त असलेल्या जपानी मुलांतील तिची चाचणी २०१९ मध्ये आली.

आयएल-६ अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबची गोष्ट मात्र सावकाश वाचण्यासारखी आहे. कावासाकीत आयएल-६ सर्वांत ठळकपणे वाढते, तेव्हा तेच अडवावे, हा विचार कोणाच्याही मनात सहज येईल. जपानमध्ये चार मुलांना ते दिले गेले. ताप आणि सीआरपी झटकन उतरले, आणि तरीही त्यांपैकी दोघांना कोरोनरी फुगवटे आले, असे २०१७ मध्ये कळवण्यात आले. चार मुलांवरून औषधाला दोषी ठरवता येत नाही, पण यकृताला आयएल-६ चा आदेशच पोहोचू दिला नाही तर भिंतीत दाह चालू असतानाही सीआरपी साधारण दिसू शकते, हे मात्र निश्चित. शिवाय ग्राही अडवलेला असल्याने वापरले न गेलेले आयएल-६ रक्तात साचते आणि त्याचा आकडा वाढलेला दिसतो. म्हणजे या औषधानंतर सीआरपी खाली आणि आयएल-६ वर, अशी जोडी दिसते, आणि दोन्ही आकडे आजाराविषयी फारसे सांगत नाहीत. सायटोकाइनवर उपचार करणाऱ्या कोणत्याही लेखात शेवटचा मापदंड म्हणून ताप व सीआरपी घेतले आहेत की कोरोनरी धमनीचे माप, हे म्हणूनच आधी शोधावे.

उंदीर आणि जनुके

लॅक्टोबॅसिलस केसी या जिवाणूच्या पेशीभित्तीचा अर्क उंदरांना टोचला की त्यांच्या कोरोनरी धमन्यांना दाह होतो. याच प्रारूपात आयएल-१ आणि टीएनएफ यांची आवश्यकता दिसून आली. त्यांचा मार्ग बंद केलेल्या उंदरांत धमन्या बऱ्याच अंशी वाचल्या. पण उंदरातील दाह अर्काने घडवलेला असतो, मुलांतील आजाराचे कारण अज्ञात आहे, म्हणून उंदरावरून पुढचा प्रश्न मिळतो, मात्रा मिळत नाही. जनुकांच्या बाजूने २००८ मध्ये जपानी संशोधकांनी आयटीपीकेसी या जनुकातील बदलाचा संबंध दाखवला. हे जनुक टी-पेशींच्या चेतवणीला आवर घालते, आणि सायक्लोस्पोरिनच्या चाचणीमागचा विचार इथून पुढे आला.

सारखे दिसणारे आजार

२०२० मध्ये कोविडनंतर मुलांत दिसलेला बहुअवयवी दाह, म्हणजे एमआयएस-सी, मुंबई-पुण्याच्या बालरोगतज्ज्ञांनीही जवळून पाहिला. ही मुले सहसा वयाने मोठी असतात, त्यांच्यात पोटदुखी-उलट्या, रक्तदाब कोसळणे आणि हृदयाचे आकुंचन मंदावणे अधिक असते, आणि प्लेटलेट्स व लिम्फोसाइट घटलेले असतात. सायटोकाइन्सच्या पातळीवर दोन्ही आजारांत पुष्कळसे साम्य आहे. २०२० मधील एका अभ्यासात आयएल-१७ए हे कावासाकीच्या मुलांत एमआयएस-सीपेक्षा जास्त आढळले, तर एमआयएस-सीच्या गंभीर रुग्णांत इंटरफेरॉन-गॅमा आणि त्याच्या प्रभावाने वाढणारे सीएक्ससीएल-९ यांचा जोर दिसतो. हे गटांमधील फरक आहेत. एका मुलाच्या खाटेजवळ उभे राहून त्यांवर निदान करता येत नाही.

थोड्या मुलांत कावासाकीबरोबर मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोम, म्हणजे मॅक्रोफेज पेशींची बेलगाम चेतवणी, उद्भवतो. ताप हटत नाही, प्लेटलेट्स वाढण्याच्या दिवसांत उलट घसरतात, यकृत-प्लीहा वाढतात. आयएल-१८ आणि इंटरफेरॉन-गॅमा यांचा त्यात पुढाकार असतो, पण डॉक्टरांच्या हाताशी असलेली तपासणी फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनाची आहे. फेरिटिन हजारोंत गेले आणि ईएसआर अचानक खाली आले, तर ईएसआरच्या त्या उतरण्यावर समाधान मानू नये. फायब्रिनोजेन संपत चालल्याचे ते चिन्ह असू शकते.

ताप गेल्यानंतर

बरे झालेल्या मुलाचे आयएल-६ दर महिन्याला तपासावे का, असे पालक विचारतात. तसे करण्याने पुढील उपचारात काहीही बदलत नाही. साध्या सर्दीनेही आकडा वर जातो आणि घराची झोप उडते. पुढची देखरेख टू-डी इकोवर चालते: निदानाच्या वेळी, उपचारानंतर एक ते दोन आठवड्यांत, आणि चार ते सहा आठवड्यांनी, धमनीत बदल असल्यास याहून वारंवार. अहवालात कोरोनरी धमनीचे माप मिलिमीटरबरोबरच झेड-स्कोअरमध्ये (तेवढ्याच आकारमानाच्या मुलांच्या सरासरीपासून ते किती दूर आहे ते सांगणारा आकडा) मागून घ्यावे, कारण मिलिमीटरचा अर्थ मुलाच्या शरीराच्या आकारमानानुसार बदलतो. झेड-स्कोअर २.५ पासून लहान फुगवटा, ५ पासून मध्यम, आणि १० किंवा व्यास ८ मिलिमीटर झाल्यास महाकाय फुगवटा मानला जातो. ॲस्पिरिन किती दिवस चालवायचे, रक्त पातळ करणारे आणखी औषध लागेल का, मुलाला मैदानावर कधी सोडायचे, या सर्वांचा निर्णय याच मापावरून होतो.